पाहुण्याची वही

दिवाळी आणि पाहुणा यांचे नाते फार जुने आहे. फराळाचे डबे भरून झाले की कोणाची तरी वाट पाहण्यातच सणाचा निम्मा आनंद असतो. पाहुणा येतो, चकली मोडून पाहतो, खुसखुशीत झाली म्हणतो, आणि घरातल्या बाईचा चार दिवसांचा शीण उतरतो. परंतु हाच पाहुणा आपल्या घरी परतल्यावर वही उघडून आपल्याविषयी काय लिहीत असेल, हा विचार आपल्या मनाला सहसा शिवत नाही.

आमच्या भागाला हा विचार करणे भाग आहे. आजचे छत्रपती संभाजीनगर म्हणजे कालचे औरंगाबाद आणि परवाची मलिक अंबरची खडकी. या गावच्या वाटेने साडेतीनशे वर्षे परके पाहुणे येत आहेत. शेजारी दौलताबादचा किल्ला, पलीकडे खुलताबादचे दर्गे, त्याखाली वेरूळची लेणी. पाहुण्यांना तोटा कुठला? त्यांतल्या कित्येकांनी वह्या लिहिल्या, त्यांची पुस्तके झाली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी पुस्तक वाचायचे म्हणजे शेजारी शब्दकोश घेऊनच बसावे लागते. तरी गेल्या काही वर्षांत सुट्टीच्या दिवशी ही पुस्तके मी एकेक करून वाचली. कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या वहीत डोकावण्याची खोड असतेच. त्या वाचनातून तीन पाहुणे आज आपल्या भेटीला आणले आहेत.

पहिला पाहुणा फ्रेंच. त्याचे नाव झ्यां द तेव्हनो. जन्म पॅरिसचा, १६३३ सालचा. पुढे लाभलेले आयुष्य अवघे चौतीस वर्षांचे. १६६६ च्या जानेवारीत तो सुरतेला उतरला आणि तेथून गोवळकोंड्याकडे जाताना औरंगाबादेस मुक्कामाला आला. म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याच सुमाराची ही गोष्ट. सुरतेत त्याच्या कानांवर वेरूळच्या देवळांची कीर्ती आली होती. ती पाहिल्यावाचून पुढे जायचे नाही असे त्याने ठरवले. पण अडचण आली ती भाषेची. गृहस्थाला तुर्की येई, अरबी येई, फारसीही येई. मात्र गाडीवाल्याशी बोलायला यांतली एकही उपयोगाची नव्हती. दुभाष्या शोधला, तो मिळाला नाही. स्वतःचे बैल थकलेले होते. शेवटी त्याने एक लहान गाडी भाड्याने केली, आपल्या माणसांखेरीज आणखी दोन माणसे रोजावर घेतली आणि रात्री नऊच्या सुमारास निघाला. वाटेत लुटारू आहेत असे लोकांनी बजावले होते, म्हणून हत्यारे बरोबर होती.

तो प्रवास वाचताना मला फार मौज वाटली, कारण त्या रस्त्याचा दगड न् दगड माझ्या ओळखीचा आहे. खडबडीत वाटेने हळूहळू चालत पहाटे दोनला गाडी दौलताबादजवळ पोचली. पाचपर्यंत विश्रांती. मग समोर घाट. खडक कापून केलेली ती वाट फरसबंदीसारखी गुळगुळीत होती, आणि गाडी खाली मैदानात कोसळू नये म्हणून कडेला तीन फूट जाड, चार फूट उंच भिंत घातलेली होती, असे त्याने मोजून लिहून ठेवले आहे. माणसांनी गाडी ढकलत ढकलत वर नेली. माथ्यावर पोचल्यावर त्याला दिसले ते आपले खेडे: नांगरलेली विस्तीर्ण जमीन, बागा, फळझाडे आणि त्यांच्यामध्ये वसलेली गावेच गावे. पुढे घुमटांच्या कबरी लागल्या, एक मोठा तलाव लागला, आणि सकाळी साडेसातच्या सुमारास तो एका फरसबंद आवारापाशी उतरला. आत जायचे तर जोडे काढावे लागतील, असे त्याला सांगण्यात आले. त्याने जोडे काढले आणि तो आत गेला.

पुढे दौलताबाद प्रांताविषयी लिहिताना त्याने डोंबाऱ्यांच्या खेळाचेही वर्णन केले आहे. त्यात एका मुलीच्या कसरती आहेत. ढोलकी वाजली की शेतातली माणसे बांधावर गोळा होतात, तसाच हाही साहेब थांबला असेल. लेणी पाहायला निघालेला प्रवासी खेड्यातल्या चौकात रमला, हे मला त्याच्या वहीतले मोठे सुख वाटते. परंतु ती वही छापून आलेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. परतीच्या वाटेवर १६६७ साली इराणात त्याचा अंत झाला, आणि हिंदुस्थानचा भाग १६८४ साली प्रसिद्ध झाला.

दुसरा पाहुणा इंग्रज, आणि तोही लष्करी बाण्याचा. कॅप्टन जॉन सीली हा मुंबईच्या देशी पलटणीतला अधिकारी. १८१० साली तो मुंबईहून पुणे, अहमदनगर, टोके या मार्गाने खास वेरूळ पाहायला आला आणि दौलताबाद, औरंगाबाद करीत परतला. टोके म्हणजे प्रवरा आणि गोदावरी यांचा संगम. तिथे गोदावरी ओलांडली की आमचा मुलूख लागतो. चौदा वर्षांनी, १८२४ साली, त्याने लंडनमध्ये ‘वेरूळची आश्चर्ये’ अशा अर्थाच्या नावाचे जाडजूड पुस्तक काढले. कैलास पाहून हा शिपाईगडी अक्षरशः वेडावून गेला होता.

पण त्याच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच एक गंमत आहे. हा डोंगर ग्रॅनाइटचा आहे, असे त्याने तिथे ठोकून दिले आहे! आमचा डोंगर आहे काळ्या बसाल्टचा, ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून थरावर थर साचून झालेला. सगळ्या दख्खनच्या पठाराची हीच जात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकात, कारागिरांनी वरून खाली कोरत कैलास उतरवला तो याच पाषाणातून. त्या वेळी साहेब लोक हे शब्द थोडे ढिलाईने वापरीत असतील, हे मान्य. तरी मला वाटते, एखाद्या पाथरवटाच्या हातून छिन्नी घेऊन दोन घाव घातले असते, तर दगडाची जात त्यालाही कळली असती. पुस्तके लिहिणाऱ्यांची ही जुनी खोड आहे. आपण पाहतो पुष्कळ, विचारतो थोडे.

सीलीच्या आधी सोळा-सतरा वर्षे पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने वेरूळचा अभ्यास चालवला होता. त्याच्यासाठी या लेण्यांची चित्रे काढली ती पुण्याच्या गंगाराम तांबट याने. ती चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पाहुण्यांच्या इतक्या वह्यांमध्ये आपल्या माणसाचे ठसठशीत नाव उरले ते या तांबटाचे, आणि ते उरले कारण त्याच्या हातात त्याची स्वतःची लेखणी होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता तिसरा पाहुणा. हा माझ्या जातीचा, म्हणजे कादंबरीकार. एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर. १९१२ च्या ऑक्टोबरात तो हिंदुस्थानात आला, तो नोकरीला नव्हे की राज्य करायलाही नव्हे. त्याचा जिवलग मित्र सय्यद रॉस मसूद येथे होता, आणि देश पाहायचा होता. सहा महिन्यांच्या या भटकंतीचा शेवटचा मुक्काम पडला आमच्या औरंगाबादेत, १९१३ च्या मार्चअखेर. मसूदांचे एक मित्र सईद येथे मुन्सफ होते. त्यांच्या घरी तो उतरला. बाग, पाण्याचा हौद आणि त्यावर उघडणारे सुंदर दालन असे ते घर. पुढे १९२४ साली ‘अ पॅसेज टु इंडिया’ ही त्याची जगप्रसिद्ध कादंबरी निघाली, तीत फील्डिंग नावाच्या शिक्षकाचे जे घर आहे त्याचे मूळ औरंगाबादच्या या घरात असल्याचे अभ्यासक मानतात. आमच्या शहराला जागतिक वाङ्मयात मिळालेली ही एक खोली!

सईदांनी पाहुण्याला वेरूळ दाखवले, दौलताबाद दाखवले, कचेरीही दाखवली. आणि एके दिवशी, बोलता बोलता, त्यांच्या पोटातले ओठावर आले. पन्नास वर्षे लागोत की पाचशे, आम्ही तुम्हां इंग्रजांना येथून घालवल्याशिवाय राहणार नाही, अशा अर्थाचे ते बोलले. घरच्या यजमानाने पाहुण्याला असे बोलावे, हे आपल्या रीतीला धरून नाही. पण मला वाटते, ज्याला मनातले सांगता येते तोच खरा पाहुणा. फॉर्स्टर रागावला नाही. त्याने ते शब्द जपून ठेवले आणि कादंबरीच्या शेवटी, थोडे बदलून, डॉक्टर अझीझच्या तोंडी घातले. पन्नास वर्षे लागलीच नाहीत. चौतीस वर्षांत, १९४७ साली, इंग्रज गेले, आणि १९४८ च्या १७ सप्टेंबरला आमचा मराठवाडाही निजामाच्या सत्तेतून मुक्त झाला.

परंतु फॉर्स्टरची खरी गंमत सणासुदीची आहे, आणि दिवाळीच्या अंकात ती सांगायलाच हवी. त्यासाठी माळव्यात, देवासला जावे लागेल. देवास हे पवार घराण्याचे मराठी संस्थान. त्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदत. थोरल्या पातीचे तुकोजीराव महाराज आणि फॉर्स्टर यांची या पहिल्याच प्रवासात गट्टी जमली. १९१३ साल उजाडण्याच्या सुमारास तेथे एक मेजवानी झाली. महाराजांनी साहेबाला हिंदी पोशाख चढवला, डोक्याला पागोटे घातले आणि पंगतीला बसवले. साहेबाने घरी पत्र लिहिले, त्यात ताटाचा चक्क नकाशा काढला आणि प्रत्येक पदार्थाला आकडा दिला!

तो नकाशा वाचताना मी एकटीच हसत बसले होते. भाताच्या मुदी त्याला आवडल्या. एका सोनेरी, वेटोळ्यांच्या पदार्थाची गोडी त्याला सोसेना. आपण वाचताक्षणी म्हणतो, अहो ही जिलबी! आणि तीन पदार्थ असे, की तोंडात टाकेपर्यंत काही कळत नाही आणि मग जिभेला एकदम आग लागते. ताटाच्या त्या बाजूचा साहेबाने धसकाच घेतला. ती आपली चटण्या-लोणच्यांची डावी बाजू असावी. आमच्या आईला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “अगं, त्याला आधी वरणभात कालवून द्यायचा होता. कुणी सांगितलं नाही वाटतं बिचाऱ्याला.”

पुढे १९२१ साली फॉर्स्टर पुन्हा आला, तो महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून, काही महिन्यांसाठी. त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्याने आतून पाहिली. जुन्या राजवाड्यात दिवसचे दिवस उत्सव चालला होता. साहेब हिंदी वेषात, अनवाणी, त्या गर्दीत उभा असे. एकाच वेळी वाजणारी अनेक वाद्ये, फुलांचे ढीग, झांजा घेऊन देवापुढे नाचणारे महाराज, मध्यरात्रीचा कृष्णजन्म, आणि शेवटी मातीचे केलेले गोकुळ मिरवणुकीने नेऊन पाण्यात विसर्जन करणे, हे सगळे त्याने पत्रांतून कळवले. ती पत्रे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. देवासच्या टेकडीवर चामुंडा देवीचे ठाणे आहे, त्यावरून हे नाव. कादंबरीच्या अखेरच्या भागातला कृष्णजन्माचा उत्सवही याच अनुभवातून उतरला. तिथे प्रोफेसर गोडबोले नावाचे मराठी ब्राह्मण कीर्तन करतात आणि त्यांच्या मेळ्याच्या तोंडी नाव येते ते आपल्या तुकोबांचे.

आता कबूल करते. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला संताप आला होता. या उत्सवात ना भारदस्तपणा, ना अभिरुची, ना आकार, असे साहेबाने पत्रात लिहिले आहे. आपण कपडे हिंदूंचे घातले तरी हिंदू कधी होणार नाही, असेही. कादंबरीत तर देवळातल्या एका इंग्रजी पाटीवर अक्षरांची अदलाबदल झाल्याचे मुद्दाम दाखवले आहे. मला वाटले, आमच्या पंगतीला जेवलास, आमचे पागोटे मिरवलेस, आणि घरी जाऊन आमच्या देवाची थट्टा केलीस! मी पुस्तक मिटून ठेवले. चार दिवसांनी हे आईजवळ बोलले. तिचा सगळा जन्म पैठणच्या वाऱ्या करण्यात गेलेला. ती शांतपणे म्हणाली, “खोटं काय लिहिलं त्यानं? नाथषष्ठीच्या काल्यात कोण नीटनेटकं राहतंय? दही अंगावर सांडलं तर तो काला. टापटिपीनं केलं तर त्याला जेवण म्हणतात.”

मी पुस्तक पुन्हा उघडले. आणि या वेळी मला दुसरे वाक्य दिसले, जे रागाच्या भरात निसटले होते. कादंबरीत तो म्हणतो की, या पूजेने अभिरुचीचा त्याग केला खरा, पण त्याच्या मोबदल्यात हसणेखिदळणे देवाच्या दारी आणले, आणि हे आमच्या धर्माला साधले नाही. ही कबुली सोपी नव्हे. जोडे काढून त्या फरशीवर उभा राहिला, म्हणून ती त्याला सुचली. तेव्हापासून पाहुण्याची परीक्षा मी अशीच घेते. त्याने आपली स्तुती केली की निंदा, हे मी आता पाहत नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून लिहितो की जोडे काढून आत येतो, एवढेच पाहते.

तुकोजीराव महाराजांची पुढची कथा दुःखाची आहे. संस्थान कर्जात बुडाले, इंग्रज सरकारने चौकशीचा ससेमिरा लावला, आणि महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले. तेथेच १९३७ साली त्यांचा अंत झाला. जगाने त्यांना नावे ठेवली. त्यांच्या प्रेमळपणाची साक्ष जगापुढे ठेवली ती त्यांच्या पंगतीत बसलेल्या या पाहुण्याने. मीठ खाल्ल्याची जाण अशीही असते.

एवढे असूनही एक काटा माझ्या मनात राहिलाच. तेव्हनोची गाडी घाटातून वर ढकलणारी माणसे कोण होती? त्यांची नावे वहीत नाहीत. भिंतीची जाडी आहे, उंची आहे, नावे नाहीत. कसरत करणारी ती मुलगी कोणाची? फॉर्स्टरच्या ताटातल्या पदार्थांना आकडे आहेत. ते रांधणाऱ्या हातांचा पत्ता नाही. औरंगाबादच्या कचेरीत त्याने पंखा ओढणारा एक पोऱ्या पाहिला आणि त्याच्या निर्विकार चेहऱ्याची नोंद रोजनिशीत केली. कादंबरीतही खटल्याच्या प्रसंगी असाच एक पंखेवाला आहे, सगळ्या कचेरीत देखणा, आणि आपल्यासमोर काय चालले आहे याची त्याला खबर नाही. नाव त्यालाही नाही. दुभाष्या मिळाला नाही, हे तेव्हनोचे कारण मी समजू शकते. पण आपले काय? आपल्याला तर भाषा येत होती!

या विचाराने मी गेल्या वर्षी वर्गात एक प्रयोग केला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांना ‘आमच्या गावचा पोळा’ असा निबंध घातला. चाळीस वह्या आल्या आणि बहुतेक सगळ्यांत तोच मजकूर: बैल हा शेतकऱ्याचा मित्र आहे, त्याला सजवतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. मार्गदर्शकातून उतरवलेला. मला मुलांचा राग येईना. मीही लहानपणी हेच उतरवले होते. आपल्याच गावात आपण सगळे परके पाहुणे, आणि तेही उंबऱ्याबाहेरचे!

मी वह्या परत दिल्या. म्हटले, मार्गदर्शक मिटा. तुमच्या घरच्या बैलाचे नाव लिहा. शिंगांना रंग कोणी दिला, पुरण कोणी वाटले, ते वाटताना ती काय म्हणाली, आणि सगळ्यांचे झाल्यावर ती कितीला जेवली, हे विचारून लिहा. दुसऱ्या वेळी वह्या उशिरा आल्या, पण काय वह्या होत्या! एका मुलीने लिहिले होते की, आमचे बैल दोन वर्षांपूर्वी विकले, म्हणून आजी मातीच्या बैलांना ओवाळते, आणि ओवाळताना विकलेल्या बैलांचीच नावे घेते. तेव्हनो, सीली, फॉर्स्टर या तिघांनाही हे वाक्य लिहिता आले नसते. ते त्या आजीच्या नातीलाच लिहिता आले.

आमच्या पैठणला नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. कथा सर्वांना ठाऊक आहे. श्रीखंड्या नावाचा एक गडी नाथांच्या घरी बारा वर्षे पाणी भरत होता, चंदन उगाळत होता. हा कोण, कुठला, कोणी विचारले नाही. तो निघून गेल्यावर कळले की साक्षात द्वारकेचा राणा कावडी वाहत होता. आजही तुकाराम बीजेपासून भाविक तो रांजण भरू लागतात, आणि तो भरून वाहिला की श्रीखंड्या येऊन गेला असे मानतात. लहानपणी मला ही गोष्ट देवाची वाटे. आता ती पाणी भरणाऱ्याची वाटते. घरात राबणाऱ्याची चौकशी वेळेवर करावी, हे नाथांच्या अंगणातच सांगून ठेवलेले आहे.

वाचकहो, या दिवाळीत आपल्या घरी पाहुणा येईल. कदाचित एखादा परदेशी पाहुणाही येईल, लेणी पाहता पाहता वाट वाकडी करून. त्याला फराळाचे ताट द्या. पहिल्यांदा बेताचे तिखट द्या. तो वही काढील, तेव्हा चकलीचे नाव सांगाच, पण ती करणारीला माजघरातून बाहेर बोलवा आणि तिचेही नाव सांगा. आणि पाहुणा गेल्यावर, दिवे शांत होण्याआधी, आपलीही एक वही उघडा.

मी माझी उघडली आहे. पहिल्या पानावर आईचे नाव घातले आहे.